पेशीचं मेंब्रेन : सगळं वाहतंय तरी सगळं मिसळत का नाही?

या वेळी पेशीच्या मेंब्रेनवरच, म्हणजे तिच्या पातळ आवरणावरच, इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकाला ढकललेत, त्या वाचकांनी रागावू नये. काही प्रश्न लांबलचक होते, ते थोडे कापून घेतलेत.

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे. फ्लुइड मोझेक मॉडेलमध्ये लिहिलंय की मेंब्रेनमधली लिपिड (चरबीच्या जातीचे रेणू) आणि प्रोटीन्स कडेकडेने सरकत असतात. पण पुढे आतड्याच्या पेशीचं चित्र आहे त्यात वरच्या बाजूला एक प्रोटीन आणि खालच्या बाजूला दुसरंच. सगळं सरकतंय तर थोड्या वेळात सगळं एक व्हायला नको का?

उत्तर : व्हायलाच पाहिजे, आणि अडवणारं कोणी नसेल तर होतंच. १९७० साली फ्राय आणि एडिडिन या दोघांनी हे करूनच बघितलं. उंदराची एक पेशी, माणसाची एक पेशी, सेंडाई नावाच्या व्हायरसच्या मदतीने दोघींची मिळून एकच पेशी केली, आणि उंदराच्या प्रोटीन्सना एका रंगात चमकणारी अँटिबॉडी लावली, माणसाच्या प्रोटीन्सना दुसऱ्या रंगाची. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल. ३७ अंशांना ठेवली तर चाळीसेक मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे. थंडीत, १५ अंशांच्या खाली ठेवली तर मिसळणं जवळपास ठप्प. आणि पेशीचं एनर्जी बनवणं औषध टाकून बंद केलं तरी रंग मिसळलेच, म्हणजे कोणी ढकलत नव्हतं, मेंब्रेन मुळात पातळ आहे म्हणून ते आपोआप होत होतं. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, सिंगर आणि निकोलसन यांचं ते मॉडेल आलं जे तू आत्ता पाठ करतोयस.

आता तुझी आतड्याची पेशी बघू. वरची बाजू पोकळीकडे, खालची आणि बाजूची रक्ताकडे. वर एसजीएलटी-१ नावाचं प्रोटीन असतं, ते दोन सोडियमसोबत एक ग्लुकोज आत ओढतं. खाली जीएलयूटी-२, ते ग्लुकोजला रक्ताच्या बाजूला सोडून देतं. आणि खालीच तो प्रसिद्ध पंप, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. पंप सोडियम बाहेर फेकत राहतो म्हणून आत सोडियम कमी, आत कमी म्हणून वरून सोडियम आत घुसायला बघतं, आणि घुसताना ग्लुकोजला हाताला धरून आणतं. हे तिघं आपापल्या जागी आहेत म्हणून ग्लुकोज एकाच दिशेने जातं. उद्या ती सगळी मेंब्रेनभर पसरली तर एकीकडून आणायचं आणि दुसरीकडून परत तिकडेच सोडायचं, असं सगळं मुसळ केरात.

पसरत का नाहीत? कारण पेशीच्या वरच्या कडेला चारी बाजूंनी एक पट्टा असतो, टाइट जंक्शन. शेजारच्या पेशीशी ती तिथे इतकी घट्ट शिवलेली असते की मेंब्रेनमधून सरकत आलेलं प्रोटीन तिथे अडतं. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट पुस्तकात सहसा नसते : मेंब्रेनला दोन थर असतात ना, त्यातल्या बाहेरच्या थरातले लिपिड या पट्ट्याला अडतात पण आतल्या थरातले खुशाल पलीकडे जातात! म्हणजे कुंपण आहे पण अर्ध्याच उंचीचं. आणि शेजारच्या पेशी सोडवून ही पेशी एकटी केली की पट्टा सुटतो आणि वरच्या बाजूची प्रोटीन्स हळूहळू सगळीकडे पसरायला लागतात, मग पुन्हा फ्राय-एडिडिनसारखंच.

फक्त पट्ट्यावर सगळं श्रेय टाकू नकोस मात्र. पट्टा अडवतो, पण मुळात कोणतं प्रोटीन वर पाठवायचं आणि कोणतं खाली याची वाटणी आधीच होते, गॉल्जी या पेशीतल्या पॅकिंग-खात्यात आणि त्याच्या आसपास, वेगवेगळ्या पुटिकांमध्ये, म्हणजे छोट्या पिशव्यांत, भरून. आणि काही प्रोटीन्स पोचल्यावर आतल्या सांगाड्याला अडकवून ठेवलेली असतात, ती सरकणारच नाहीत.

सांगाड्यावरून आठवलं, शेजारी नसलेल्या पेशीतसुद्धा कुंपणं असतात. बराच काळ एक कोडं होतं की नुसत्या लिपिडचं कृत्रिम मेंब्रेन बनवलं तर त्यात लिपिड जितक्या वेगाने सरकतो त्यापेक्षा पेशीत तो कितीतरी पट हळू का? जपानच्या आकिहिरो कुसुमी यांच्या टीमने एकेका लिपिडला सोन्याचा बारीक कण चिकटवला आणि सेकंदाला ४०,००० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याने त्याच्या मागे लागले. २००२ मध्ये निकाल आला. साध्या व्हिडिओत तो कण नुसता रेंगाळताना दिसतो, पण या वेगाने बघितलं तर दिसतं की तो एका चौकात मोकळा भरधाव फिरतोय, अगदी कृत्रिम मेंब्रेनमधल्याच वेगाने, आणि मग टुणकन शेजारच्या चौकात उडी मारतोय, पुन्हा तिथे फिरतोय. रॅटच्या किडनीच्या पेशीत हा चौक सुमारे २३० नॅनोमीटरचा आणि उडी सरासरी ११ मिलिसेकंदांना एक. मेंब्रेनच्या खाली अॅक्टिनच्या धाग्यांची, म्हणजे त्या सांगाड्याची, जाळी असते, तिला अडकलेली प्रोटीन्स खांबांसारखी उभी असतात, आणि खांबांच्या ओळीतून फट मिळाली की पलीकडे. लिपिड हळू नव्हताच मुळी, त्याला दारात थांबावं लागत होतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की मेंब्रेन वाहतं हे खरंच आहे, पण "डोमेन", म्हणजे मेंब्रेनचा वेगळा पडलेला भाग, हा शब्द ऐकलास की दोन गोष्टी विचारायच्या, केवढा आणि किती वेळ टिकणारा. आतड्याच्या पेशीचा वरचा भाग काही मायक्रोमीटरचा आणि पेशी जगते तोवर टिकणारा. कुसुमींचा चौक त्याच्या कितीतरी पट लहान आणि त्यातला पाहुणा शंभरावा भाग सेकंदाचा. दोघांना एकच नाव आहे म्हणून पोरं गोंधळतात.

प्रश्न : मी बायोकेमिस्ट्रीची विद्यार्थिनी आहे. लिपिड राफ्टवर सेमिनार द्यायचाय. एके ठिकाणी वाचलं की राफ्ट पेशीच्या सिग्नलिंगचं, म्हणजे बाहेरचा संदेश आत पोचवण्याचं, केंद्र आहेत, दुसरीकडे वाचलं की असं काही नसतंच, प्रयोगातली चूक आहे. नेमकं काय सांगू?

उत्तर : दोन्ही सांग! खरंच. या विषयाची मजाच त्या भांडणात आहे.

राफ्ट म्हणजे तराफा, आणि कल्पना साधी आहे. लिपिडच्या शेपट्या काही सरळ असतात, स्फिंगोलिपिडसारख्यांच्या, काहींना मध्ये डबल बाँडमुळे वाक असतो. कोलेस्टेरॉल हा चपटा आणि कडक रेणू, त्याला सरळ शेपट्यांच्या शेजारी नीट बसता येतं, वाकड्यांमध्ये कुचंबणा होते. मग सरळवाले आणि कोलेस्टेरॉल जरा जास्त दाटीने एकत्र येतात, तिथे मेंब्रेन किंचित जाडही होतं, पण गोठत नाही, सरकणं चालूच राहतं. कृत्रिम मेंब्रेनमध्ये हे तीन घटक योग्य प्रमाणात घाल आणि साध्या फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली बघ, गोल गोल ठिपके दिसतात, दोन ठिपके भिडले की एक मोठा ठिपका होतो, थेंबांसारखे. इतकं स्पष्ट की वाद घालायला जागाच नाही. वाद आहे तो जिवंत पेशीत असं होतं की नाही याचा.

क्लाउस सायमन्स आणि गेरिट व्हॅन मीअर यांना १९८८ मध्ये ही कल्पना लागली ती वरच्याच प्रश्नातल्या कोड्यामुळे, म्हणजे वरच्या बाजूला जाणारा माल गॉल्जीत वेगळा कसा होतो. १९९२ मध्ये डेबोरा ब्राउन आणि जॉन रोझ यांनी दाखवलं की पेशी ४ अंशांना ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटमध्ये विरघळवली तर मेंब्रेनचा एक भाग विरघळतच नाही, आणि त्यात स्फिंगोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि जीपीआय नावाच्या लिपिडच्या नांगराने मेंब्रेनला अडकलेली प्रोटीन्स भरपूर सापडतात. १९९७ मध्ये सायमन्स आणि एलिना इकोनेन यांचा लेख आला, राफ्ट हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं आणि मग जो तो ट्रायटन घेऊन बसला.

त्यात मीही होते. शिकत असताना हा प्रयोग मी बऱ्याचदा केलाय. बर्फात पेशी विरघळवायच्या, नळीत तळाशी घालायच्या, वर सुक्रोजचे हलके होत जाणारे थर आणि रात्रभर सेंट्रिफ्यूज, सकाळी नळी उजेडासमोर धरली की मध्ये एक धुरकट पांढरी पट्टी तरंगताना दिसते, ते तुमचे "राफ्ट". एकदा बर्फ संपला होता, मी आळशीपणा केला आणि नळी तशीच टेबलावर ठेवून डिटर्जंट घातलं. सकाळी पट्टी जवळजवळ गायब. मला ओरडा बसला तो बसलाच, पण डोक्यात किडा वळवळायला लागला की जी वस्तू ४ अंशांना असते आणि कोमट झाली की नसते, ती ३७ अंशांच्या जिवंत पेशीत होती हे कशावरून? डिटर्जंट आणि थंडी यांनी मिळून ती बनवली असेल तर? हाच आक्षेप मोठमोठ्या लोकांनी घेतला होता, मी काही शोध लावला नव्हता, पण हाताने पट्टी घालवली की तो जास्त पटतो.

दुसरं हत्यार होतं मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन, ते मेंब्रेनमधलं कोलेस्टेरॉल उपसून काढतं. कोलेस्टेरॉल काढलं, सिग्नल बंद पडला, म्हणजे सिग्नल राफ्टमधून येत होता! असे पेपर ढिगाने आले. अहो, पण मेंब्रेनमधल्या लिपिडपैकी तीसेक ते चाळीसेक टक्के रेणू कोलेस्टेरॉलचे असतात, ते उपसल्यावर अॅक्टिनची जाळीसुद्धा बिघडते, सिग्नल कशाने बंद पडला ते कोण सांगणार. तिसरं, कॉलरा टॉक्सिनचा बी भाग रंग म्हणून वापरायचे. त्याला पाच हात, प्रत्येक हात एक जीएम१ लिपिड पकडतो. म्हणजे जे विखुरलेले होते त्यांना तूच पाच-पाच करून जवळ आणलंस आणि मग म्हणालीस बघा कसे जवळ आहेत.

यामुळे टीकाकार म्हणायला लागले की बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. आणि बाप दाखवता येत नव्हता कारण साध्या लाइट मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरच्या आतलं वेगळं काढता येत नाही, ते प्रकाशाचंच बंधन आहे. २००६ मध्ये एका परिषदेत सगळ्यांनी बसून व्याख्या ठरवली : १० ते २०० नॅनोमीटर, कोलेस्टेरॉलसारखी स्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड जास्त असलेले, एकसारखे नसलेले, सतत बदलणारे डोमेन, जे कधी कधी प्रोटीन्सच्या आधाराने जुळून मोठे होतात. बारीक वाचलंस तर कळेल की तराफा त्यात कुठेच उरलेला नाही. माझं स्पष्ट मत आहे की राफ्ट या शब्दानेच निम्मा घोळ केला, ऐकलं की डोळ्यांसमोर लाकडी ओंडक्यांचा कडक तराफा येतो, प्रवासी घेऊन निघालेला.

मग २००९ मध्ये स्टेफान हेल यांच्या टीमने प्रकाशाचं ते बंधन ओलांडणाऱ्या स्टेड मायक्रोस्कोपने, ज्या पद्धतीसाठी हेल यांना २०१४ चं केमिस्ट्रीचं नोबेल विभागून मिळालं, जिवंत पेशीत एकेका रेणूवर नजर ठेवली. साधा फॉस्फोलिपिड, म्हणजे मेंब्रेनमधला नेहमीचा लिपिड, सरळ निघून जातो. स्फिंगोलिपिड आणि जीपीआयवाली प्रोटीन्स मात्र २० नॅनोमीटरपेक्षा लहान जागेत १०-२० मिलिसेकंद अडखळतात आणि मग जातात, आणि कोलेस्टेरॉल कमी केलं की ते अडखळणंही कमी होतं. इतकंच. पाण्यावरची रेघ म्हणतात ना, तशी गोष्ट, पण रेघ खरी आहे.

अजून दोन गोष्टी सेमिनारमध्ये घाल, लोक विसरतात. पेशीला रसायन देऊन तिच्या मेंब्रेनचे मोठे फुगे सुटे करता येतात, खाली अॅक्टिनची जाळी नसलेले. ते फुगे थंड केले की त्यांच्यात कृत्रिम मेंब्रेनसारखेच दोन भाग वेगळे दिसतात, ३७ अंशांना एकजीव. म्हणजे पेशीचं मेंब्रेन वेगळं होण्याच्या अगदी उंबरठ्यावर ठेवलेलं असतं, थोडासा धक्का, एखादं प्रोटीन, आणि छोटे पुंजके जमू शकतात. दुसरी म्हणजे यीस्ट. यीस्टला पोषण कमी पडलं की तिच्या व्हॅक्युओलच्या (आतल्या साठवणीच्या पिशवीच्या) मेंब्रेनवर फुटबॉलच्या ठिगळांसारखे मोठाले डोमेन उमटतात, साध्या मायक्रोस्कोपखाली, जिवंत पेशीत, आणि तापमान वाढवलं की विरघळतात, उतरवलं की परत येतात. जिवंत मेंब्रेनमध्ये हे होऊच शकत नाही असं कोणी म्हणालं तर हा फोटो दाखव.

तुला सिग्नलिंगबद्दल विचारतीलच. टी पेशी (रोगाशी लढणारी रक्तातली पेशी) दुसऱ्या पेशीला भिडते तेव्हा तिचे रिसेप्टर मधोमध गोळा होतात आणि भोवती चिकटणाऱ्या प्रोटीन्सचं कडं तयार होतं, हे १९९८-९९ पासून सरळ फोटोत दिसतंय. पण ते कडं मायक्रोमीटरचं असतं आणि त्याला मोठा हात अॅक्टिनचा, त्यालाच लिपिड राफ्ट म्हणून मोकळी होऊ नकोस.

प्रश्न : मला कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू आहे. कोलेस्टेरॉल पेशीच्या आवरणाला लागतं असं वाचलं आणि धास्ती बसली. गोळीने माझ्या पेशींची आवरणं कमकुवत तर होणार नाहीत?

उत्तर : काका, रिपोर्टमधला आकडा रक्तातून कणांमध्ये भरून फिरणाऱ्या कोलेस्टेरॉलचा असतो, पेशीच्या मेंब्रेनमधल्या नव्हे. स्टॅटिन कोलेस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम मंद करतं, त्यामुळे लिव्हरच्या पेशीला आत कमी पडल्याची चाहूल लागते, मग ती आपल्या मेंब्रेनवर एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहणारे रक्तातले कण) पकडणारे रिसेप्टर वाढवते आणि रक्तातलं ओढून घेते. रक्तातला आकडा खाली येतो तो त्यामुळेच. पेशी आपल्या मेंब्रेनमधलं प्रमाण फार जपते, ती मोजणारी यंत्रणा आतल्या ईआर नावाच्या नळ्या-पिशव्यांच्या जाळ्याच्या मेंब्रेनमध्येच बसलेली आहे. वर ज्या सायक्लोडेक्स्ट्रिनबद्दल लिहिलंय ते बशीतल्या पेशींवर ओतायचं रसायन आहे, त्याची आणि गोळीची तुलना करू नका. आणि गोळीबद्दल काही शंका असेल, स्नायू दुखत असतील वगैरे, तर डॉक्टरांना विचारा, माझं उत्तर वाचून परस्पर बंद करू नका प्लीज.

प्रश्न : इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या एका फोटोत चरबीच्या पेशीच्या कडेला ओळीने बाटलीसारखे खळगे दिसले. हे पण डोमेनच का?

उत्तर : हो, आणि यांच्याबद्दल भांडण नाही कारण हे डोळ्यांनी दिसतात. कॅव्हिओली, म्हणजे छोट्या गुहा. १९५३ मध्ये पॅलेड यांनी रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बघितल्या, १९५५ मध्ये यामादा यांनी नाव दिलं. ६० ते ८० नॅनोमीटरच्या, कॅव्हिओलिन आणि कॅव्हिन ही प्रोटीन्स मिळून मेंब्रेनला तो बाक देतात. कॅव्हिओलिन-१ चं जीन काढलेल्या उंदरांत चरबीच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींतून या गुहा नाहीशा झाल्या, तरी ते उंदीर जन्मले आणि वाढले, याने बरेच जण चक्रावले होते. २०११ मध्ये एक छान गोष्ट कळली : पेशी ताणली की या गुहा सपाट होतात, म्हणजे जास्तीचं मेंब्रेन घडी घालून ठेवलंय आणि ताण आला की घडी उलगडते, फाटण्याआधी. चरबी, रक्तवाहिन्या, स्नायू, सतत ताणल्या जाणाऱ्या जागीच त्या जास्त का, हे मग एकदम लक्षात येतं. लाल रक्तपेशीत शोधू नका, तिथे नसतात.

प्रश्न : मी विज्ञानाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. प्रत्येक पुस्तकात मेंब्रेन म्हणजे गोळ्या-शेपट्यांची शिस्तीत उभी ओळ आणि मध्ये दोन-चार बटाट्यासारखी प्रोटीन्स. हे कितपत बरोबर?

उत्तर : ओळ बरोबर, शिस्त चूक. आधी गर्दी वाढवा. वजनाने बघितलं तर बऱ्याच मेंब्रेनमध्ये प्रोटीन साधारण निम्मं असतं, तुमच्या दोन बटाट्यांमध्ये जी मोकळी जागा सोडलीय तेवढी नसते. दोन्ही थर वेगळ्या रंगात काढा, ते सारखे नाहीतच : स्फिंगोमायलिन हा लिपिड बहुतेक बाहेरच्या थरात, फॉस्फॅटिडिलसेरीन हा आतल्या, आणि ते बाहेर आलं तर भक्षक पेशी ती खूण समजून पेशी गिळून टाकतात. खालून अॅक्टिनची जाळी हवीच. राफ्ट दाखवायचे तर चौकोनी तुकडा काढून वेगळा रंग देऊ नका, कडा धूसर ठेवा आणि शक्य असेल तर एकामागे एक तीन चित्रं काढा, ज्यात तोच पुंजका दिसतो, विरतो, दुसरीकडे जमतो. न्यूरॉनचा लांब अॅक्सॉन काढणार असाल तर आतून दर १९० नॅनोमीटरला अॅक्टिनचं एक कडं द्या, पिंपाला कड्या असतात तसं, हे २०१३ मध्ये दिसलं आणि अजून कित्येक चित्रांत पोचलेलंच नाही.

आणि शिस्तीचीच फार हौस असेल तर एक मेंब्रेन तुमच्यासाठी राखून ठेवलंय. मिठाच्या दाट पाण्यात राहणारे हॅलोबॅक्टेरियम नावाचे सूक्ष्मजीव आहेत, नाव बॅक्टेरियम असलं तरी ते आर्किया, म्हणजे बॅक्टेरियांपासून वेगळा गट. ऑक्सिजन कमी पडला आणि उजेड असला की त्यांच्या मेंब्रेनवर जांभळे तुकडे तयार होतात, त्यात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे एकच प्रोटीन, तीन-तीनच्या गटात, षटकोनी जाळीत स्फटिकासारखं रचलेलं, वजनाने पाऊण भाग प्रोटीन आणि लिपिड फक्त फटी भरायला. हेंडरसन आणि अनविन यांनी १९७५ मध्ये मेंब्रेनमधल्या प्रोटीनचा आकार इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढला तो याच तुकड्यांवरून, कारण इतकं ओळीत बसणारं दुसरं काही हाताशी नव्हतं. तिथे मात्र पट्टी आणि कंपास बिनधास्त काढा.